ईयोबाचा शेवट

घाटंजीच्या बाजारात एक म्हातारा सरपणाच्या मोळ्या विकायचा. छप्पन साली त्याचे भाऊबंद बौद्ध झाले. हा एकटाच ख्रिस्ती राहिला. फडक्यात बांधलेलं बायबल जवळ असे, पण वाचता येत नसे. मी दिसलो की धोतराला हात पुसून ते माझ्यापुढे धरायचा. त्याला ईयोबाचीच गोष्ट हवी असे. ईयोबाची सगळी लेकरं मरतात, तरी तो देवाला सोडत नाही. शेवटचं पान आलं की हा पुस्तक मिटायचा.

एकदा मी वैतागलो. "बाबा, शेवट काहून नाही आयकत?"

पुस्तक कपाळाला लावत तो म्हणाला, "पाद्री सांगते, मंग देवानं त्याले दुसरे लेकरं देल्ले. माह्ये पटकीत गेले, भाऊ. मले दुसरे नाही पाह्यजे. तेच पाह्यजे."