भेग ओलांडणारी बाई

विमलताई गेल्याचं त्यांच्या सुनेनं, रेखानं, फोनवर सांगितलं तेव्हा रविवारच्या बैठकीसाठी मी एका नव्या कादंबरीचं पुढचं प्रकरण वाचत बसले होते. पुस्तक मिटलं... ते महिनाभर उघडलंच नाही.

परंड्याच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. निवृत्तीनंतर त्यांनी घरीच बायकांची बैठक सुरू केली. एखादी जुनी कादंबरी किंवा भावगीत घ्यायचं आणि त्यात काय काय दडलंय ते शोधायचं. "लेखकानं अंगणात तुळस उगं लावली न्हाय," त्या म्हणायच्या, "कशासाठी लावली ते हुडका."

मग अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचे शब्दच गेले. सगळं कळायचं, पण पाणी मागायला जावं तर तोंडून भलतंच यायचं. बैठक बंद करावी असं आम्ही ठरवलं, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं जमिनीवर थाप मारून आम्हाला खाली बसवलं. थोड्याच दिवसांत रेखाला एक नवल दिसलं. बोलता न येणाऱ्या तिच्या आत्याबाई, म्हणजे विमलताई, जात्यावरच्या ओव्या मात्र सलग म्हणत होत्या. तेव्हापासून रोज सकाळी दोघी गाऊ लागल्या.

त्या उन्हाळ्यात आम्ही वाचत होतो त्या कादंबरीच्या शेवटी, घराबाहेर काढलेली नायिका भेगाळलेल्या काळ्या रानातून एकटी चालत जाते. "मरायलाच निघाली की ती," आमच्यातली एक म्हणाली. सगळ्यांना तेच वाटलं. विमलताईंनी नकारार्थी मान हलवली आणि सीतेची ओवी लावली, धरणी दुभंगते ती. भेगा कुठून आल्या ते आत्ता कळलं! पण त्या थांबल्या नाहीत. काठी टेकत उठल्या, फरशीवरच्या दोन सतरंज्यांमधल्या फटीपाशी आल्या, आणि लटपटता पाय उचलून पलीकडं ठेवला.

"सीता... आत," त्या घामाघूम होऊन म्हणाल्या. "ही... वलांडती."

कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःचा असा शब्द उच्चारला होता.

त्यानंतर वर्षभर त्या अशाच शिकवत राहिल्या, गाऊन, खुणेनं, एकेका शब्दानं. दुसरा झटका मात्र त्यांना घेऊन गेला.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा जमलो. एरवी चहा देऊन आत जाणारी रेखा आमच्यात बसली. "एक बोलू का?" ती म्हणाली. "आत्याबाईंचा त्यो भेग वलांडायचा अर्थ मला पुरा पटला न्हाय. ही बाई जाताना मागं वळून बघती. का बघती?"

आम्ही ती जुनी कादंबरी काढली आणि शेवटचं पान पुन्हा उघडलं.