दीपमालेची बारा सुती काच

...तर काल सांगायचं राहिलं ते हे, की दीपमाला धर्मराज तात्यांच्या समोरून उठलीच नाही. तात्यांचं बोलणं संपलं होतं, चहाचे कप आत गेले होते, आणि अशा वेळी माणसानं 'येते' म्हणून निघायचं असतं, हे आमच्या कडा गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण ही खुर्चीच्या कडेवर बसून राहिली आणि म्हणाली, की तात्या, माशांची टाकी मी तीन फुटांच्या वर उंच करणार नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. दीपमाला म्हणजे रुक्मिणीबाईंची सून. कड्याच्या बाजारात तिचं पाट्यांचं दुकान. दारावरच्या नावाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, क्रिकेटच्या सामन्यांच्या ढाली, सगळं तिच्या हातचं. नवरा अंगद साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाला की तो पाळीला जुंपलेला, म्हणजे दुकान एकटीच्याच जिवावर. पाटीला ॲक्रिलिक लागतं. त्याला गावात सगळे काचच म्हणतात, न फुटणारी काच. उरलेल्या तुकड्यांतून तिनं एकदा माशांची लहानशी पेटी जोडली आणि दुकानात ठेवली. पाटी सांगायला आलेलं गिऱ्हाईक पाटी विसरून पेटीपुढं उभं राहायला लागलं. मग आष्टीच्या एका दाताच्या डॉक्टरांनी मोठी पेटी करून मागितली, आणि तिथं तिला पहिला धडा मिळाला.

ती पेटी तिनं पाटीच्याच जाडीत केली. दिसायला देखणी. पाणी भरलं आणि चार वाजेपर्यंत समोरची बाजू अशी पुढं आली, जशी लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या व्याह्याची बंडी. फुटली नाही, गळली नाही, डॉक्टर म्हणत होते राहू द्या. दीपमालेनं राहू दिली नाही. पाणी उपसलं, पेटी टेम्पोत घातली आणि घरी अंगणात आणून पुन्हा भरून बघत बसली. रुक्मिणीबाई दळण घेऊन आल्या आणि तशाच थांबल्या. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर ज्यांनी वर्षानुवर्षं माती वाहिली त्या ह्या बाई. डोक्यावरचा डबा न उतरवताच म्हणाल्या, "फुगलंय ते खालच्या अंगाला बघ. बांधाला बी तिथंच माती जास्त लागती. पाणी लांब किती पसरलंय त्याचं काय न्हाई, उभं किती हाय तेवढं ते ढकलतं."

तेव्हापासून दीपमाला पेटीची लांबी मागाहून विचारते. आधी विचारते, पाणी किती उभं राहणार? जाडी ठरते ती त्यावरून. त्या डॉक्टरांना तिनं दुप्पट जाडीची पेटी करून दिली, ती आजही त्यांच्या दवाखान्यात आहे आणि दाढ काढायला आलेली माणसं तिच्याकडे बघत कण्हतात.

आता तात्या. जमीनदार माणूस, पंचायत समितीत सभापती राहिलेले, बोललेला शब्द खाली पडू न देणारे. नगर रस्त्याला त्यांचा नवा बंगला उठत होता आणि हैदराबादच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी माणसाच्या उंचीची टाकी बघितली होती. तशीच दिवाणखान्यात हवी. तीन फूट ऐकून त्यांनी आपल्याकडचा हिशेब मांडला. आपल्या जिल्ह्यात पाणी मोजतात टँकरनं. मग तात्या म्हणाले, लांबी कमी कर आणि उंची वाढव, पाणी तेवढंच बसतंय, काचेला काय फरक पडतो? ही चूक इथं कोणीही करील. आपण पाणी किती आहे ते बघतो. ते किती खोल उभं आहे हे बघण्याइतकं पाणी आपल्याकडं साठतं कुठं?

दीपमालेनं सासूबाईंचा बांध सांगितला. बांध म्हटल्यावर तात्यांना पटलं, कारण दोन पाझर तलाव त्यांच्याच काळात झालेले. उंची तीन फुटांवर आली, लांबी सात फूट. पण जाडीवर गाडी पुन्हा अडली.

जाडी कारागीर सुतात मोजतात, आठ सुतांचा एक इंच. तात्यांनी नगरच्या एका टाकीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाण्याची रेघ अडीच फुटांवर ठेवायची, वरचा अर्धा फूट मोकळा. मग आठ सूत जाडी पुरते, माल तयार आहे, चार दिवसांत बसवून देतो. दीपमालेनं ऐकलं आणि तो खोटं बोलतोय असंही म्हटलं नाही. रेघेपर्यंत आठ सूत पुरते, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, बारा सूत. आणि बारा सुती काच मागवायची तर ती मुंबईहून येणार, केव्हा येणार हे देवाला ठाऊक, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर.

तात्यांनी फोन बाजूला ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "मुहूर्ताला टाकी उभी नसली, तर दारावरची पाटी तेवढी तू कर. टाकीचं काम मग नगरवाल्याचं, आन पुन्हा टाकीसाठी ह्या दारात यायचं न्हाई."

तात्यांच्या दारातून एकदा काम गेलं की तालुक्यातल्या बाकीच्या दारांतूनही जातं. बाई माणसानं पाट्याच कराव्यात, म्हणणारे बाजारात होतेच. दीपमालेला हे माहीत नव्हतं असं नाही. ती "बरं तात्या" म्हणाली आणि दुकानात जाऊन बारा सुतांची मागणी नोंदवली.

काच आली ती मुहूर्ताच्या अगदी आधी, गाद्यांत गुंडाळून, नव्या नवरीसारखी. तयार टाकी दारातून आत जाणार नव्हती म्हणून तिनं ती दिवाणखान्यातच जोडली. आधी टाकीखालचा ओटा सपाट आहे का ते पाणसळीनं तपासलं, गवंड्याला दोनदा परत बोलावलं. सांधे भरताना धूळ चालत नाही, म्हणून तिनं पंखे बंद करवले, दारं लावून घेतली आणि तात्यांना त्यांच्याच घरातून बाहेर काढलं. माजी सभापती भर उन्हात लिंबाखाली बसून आपल्या घराकडं बघतायत, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. एक जण विचारायला गेला, तर म्हणाले, आत कारागीर हाय, गप बस.

सांधे वाळल्यावर अडीच फुटांच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. काच फुगली का ते बघायला समोरच्या बाजूवर तिनं आडवी दोरी ताणून धरली. दोरी आणि काच यांच्यात बोट जाईल एवढीही जागा नव्हती. काठापर्यंत भरून बघायची तिची इच्छा होती, पण बोअर तेवढ्यावरच थकला, आणि चाचणीसाठी टँकर मागवायचं म्हणजे गावाच्या शिव्या. भरलेलं पाणी तसंच ठेवलं. मासे पुढं सोडायचे होते.

वास्तुशांतीला भावकी लोटली. तात्यांच्या आई गीताबाई, वय झालेलं पण आवाज खणखणीत. त्यांच्या भावकीत एक रीत आहे: नव्या घरात पाण्याचं जे पहिलं भांडं मांडतात, रांजण असो की हौद, त्यात प्रत्येक लेकीसुनेनं जुन्या घरच्या आडाची एकेक कळशी ओतायची. आणि नव्या घरातलं सगळ्यात मोठं भांडं कोणतं? गीताबाईंनी सरळ टाकीकडं बोट केलं. नाकात नथा घालून बायका कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

तात्यांच्या ध्यानात आलं तेव्हा तिसरी कळशी आत गेली होती. ते पुढं झाले, रेघ दाखवायला लागले. गीताबाईंनी लेकाकडं अशी नजर टाकली की सभापतिपद तिथंच गळून पडलं. पाणी आधीच रेघेवर होतं. रेघेच्या वर गेलं. सोफ्यावर बसलेले पाव्हणे हळूच उठून भिंतीला लागले.

दीपमाला मागं सासूबाईंजवळ उभी होती. ती पुढं आली, खाली बसली आणि टाकीच्या खालच्या अंगाला तळहात लावला. रुक्मिणीबाईंनी काही न विचारता तिच्या पिशवीतली दोरी काढली, एक टोक तिला दिलं आणि दुसरं टोक धरलं. सासूसुना टाकीला दोरी लावून बसलेल्या, आणि वरून कळश्या ओतल्या जातायत. गीताबाईंनी विचारलं, अजून जागा हाय का गं? दीपमाला म्हणाली, हाय आजी, येऊ द्या.

शेवटच्या कळशीला पाणी काठाला टेकलं. दोरीमागं ज्वारीच्या दाण्याएवढी फट होती, तेवढीच. कुठं थेंब नाही. रुक्मिणीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईला, जिनं काही विचारलंच नव्हतं तिला, सांगितलं, "माझी सून हाय."

तात्यांनी स्वतःचा फेटा काढून दीपमालेच्या हातात ठेवला. बायकांना फेटा बांधतात का, असा प्रश्न विचारायची कोणाची छाती झाली नाही. मग त्यांनी विचारलं, की नगरवाला म्हणत होता आठ सूत, तू म्हणालीस बारा. बायका काठोकाठ भरणार हे तुला ठाऊक असणारच, तर रेघेपाशी थांबा म्हणून आधीच का नाही सांगितलं?

दीपमाला फेटा सांभाळत म्हणाली, "तात्या, रीत मला ठाऊक होती, आन तुमच्या भावकीत बायका किती हायत ते बी. एकीला वतू दिलं आन दुसरीला रेघ दाखवून माघारी लावलं, तर काय व्हतं ते तुमी मला इचारू नका. त्यापरीस काच जाड घेणं मला सोपं वाटलं."