बसऱ्याची बोट

सोलापुरात बसून बोट बांधायला घेतली म्हटल्यावर लोक हसणार, हे मला ठाऊक होतं. ज्या गावात नळाला पाणी येणं हा सण असतो, तिथे बोटीचं काय काम? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "आधी पाणी आणा, मग बोट." मी म्हटलं, पाणी आणणं माझ्या हातात नाही, बोट आहे. त्यावर ते गप्प बसले. मला असं कुणी गप्प बसलं की बरं वाटतं, माझा स्वभावच तसा आहे.

खरं म्हणजे ही बोट आमच्या घरात माझ्याआधीपासून होती, फक्त तोंडातोंडी. माझे आजोबा वेळापूरचे. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि तिथल्या नदीवर इंग्रजांची वाफेवर चालणारी तोफांची बोट होती, तिच्या भट्टीत कोळसा घालायच्या कामाला लागले. परत आल्यावर लढाईविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. बोटीविषयी मात्र सांगत. लोखंडी बोट, पुढे तोफ, मधे उंच धुराडं, आणि तरी कंबरभर पाण्यातून जायची. मला आणि दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे काही केल्या पटायचं नाही. लोखंड बुडतं एवढं आम्हाला कळत होतं. आजोबा म्हणायचे, "बसकी हुती रं ती. परातीवानी."

मी पुढे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायच्या कामाला लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. चौकटीच्या कागदाला आम्ही ग्राफ म्हणतो. त्यावर एकेक घर रंगवून मोर, कमळं, वेलबुट्टी काढायची. मग त्या कागदावरून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि ती भोकं मागाला सांगतात की कुठला धागा वर उचलायचा. एक घर चुकलं तर मोराचा डोळा फुटतो, आणि तो एका चादरीत फुटत नाही, सगळ्या गठ्ठ्यात फुटतो. माझ्या हातून मोराचा डोळा कधी फुटला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही असं लिहिणार होतो, पण बढाई म्हणूनच सांगतो आहे.

दादा एसटीत कंडक्टर होता. सगळ्या थांब्यांची भाडी त्याला तोंडपाठ. शेवटची काही वर्षं त्याला विसरण्याचा आजार झाला. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. एकदा तो घरातून नाहीसा झाला आणि सापडला तो बार्शीच्या स्टँडवर. एका उभ्या गाडीत चढून लोकांकडे तिकिटाचे पैसे मागत होता. एका म्हाताऱ्या बाईने त्याला पैसे दिलेही होते. मी त्याला आणायला गेलो तर मलाच म्हणाला, "कुटं जायचंय?" गेला तेव्हा तो मला साहेब म्हणत होता.

त्याच्या तेराव्याला एका पाहुण्याचं नाव मला आठवेना. त्यात विशेष काही नाही, पाहुणा तसा विसरण्यासारखाच होता. पण नंतर एकदा मंडईत गेलो आणि रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर स्कूटर दारात नाही म्हणून चोरी झाल्याची बोंब मारली. स्कूटर मंडईत उभी होती, जिथे मीच लावली होती तिथे. बायकोला मी सांगितलं, किल्ली सापडत नव्हती म्हणून रिक्षा केली. तिला ते पटलं असावं. मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. दादाचंही असंच काहीतरी किरकोळ चुकत सुरू झालं होतं.

म्हणून मी बोट बांधायला घेतली. घरात सगळ्यांना सांगितलं, आजोबांची हौस आहे. मनात वेगळंच होतं. ज्या माणसाचं डोकं उतरणीला लागलंय त्याला शेकडो तुकडे मापात कापून एकात एक बसवता येणार नाहीत. ही बोट बिनचूक उतरली तर मी ठीक आहे, नाही उतरली तर नाही. दवाखान्यात जाऊन कुणा पोरसवदा डॉक्टरला आजचा वार सांगण्यापेक्षा ही परीक्षा मला बरी वाटली. पेपर मीच काढणार होतो आणि तपासणारही मीच.

पुण्याला असलेल्या मुलीने इंटरनेटवरून तशा बोटीची चित्रं आणि आराखडे शोधून मोठ्या कागदावर छापून पाठवले. तेव्हा आजोबांचं म्हणणं मला पहिल्यांदा नीट समजलं. बोटीचं बूड जवळजवळ सपाट. पाण्यातला पंखासुद्धा बुडाखालच्या पन्हाळीत दडवलेला, म्हणजे वाळूला लागू नये. या बोटी इंग्लंडहून तुकड्या-तुकड्यांनी आणून नदीकाठी जोडत असत. खऱ्या बोटीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी करायची मी ठरवली. अडीच फुटांच्या आसपास लांबी होत होती, जेवणाच्या टेबलावर मावेल अशी.

जेवणाचं टेबल गेलं म्हणून बायको कुरकुरली. ती बार्शीची, धान्याच्या पेठेत वाढलेली, मापात खोट तिला खपत नाही. "एवडी बोट करून तिच्यात बसणार कोण?" तिने विचारलं.

"तू," मी म्हटलं.

"मग जरा मोटी करा की," असं म्हणून ताटं घेऊन ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. त्यानंतर आम्ही खालीच जेवू लागलो.

ते महिने मजेचे होते, हे कबूल केलं पाहिजे. कारखान्यातून आणलेले जुने ग्राफ माझ्याकडे होतेच. बोटीच्या फासळ्या मी त्यांवर मोठ्या करून काढल्या, ते कागद पातळ प्लायवूडवर चिकटवले आणि बारीक करवतीने कापले. मागाला सूत पुरवायच्या लाकडी कांडीचं धुराडं केलं. नक्षीच्या जुन्या कार्डांचा पुठ्ठा वरच्या खोल्यांना वापरला. लोखंडी पत्र्यावरचे रिव्हेट दाखवायला पुठ्ठ्याला मागून टाचणीने टोचत बसायचो. एकेक ओळ सरळ आली की मनात म्हणायचो, बघ, काही झालेलं नाही तुला. कधी चिमटा हा शब्द आठवायचा नाही. मी नुसता हात पुढे करायचो आणि बायको चिमटा द्यायची.

सांगाड्यावर पट्ट्या बसवून झाल्या, रंगाचा हात झाला, आणि पाणी आलं त्या दिवशी मी गच्चीवरच्या मोठ्या टपात बोट सोडली. हात काढला तशी ती एका बाजूला कलली, क्षणभर थांबली आणि आडवी झाली. मी ती सरळ केली. पुन्हा आडवी. तळाला वजन टाकून पाहिलं, तेव्हा ती उभी राहिली पण निम्मी पाण्यात गेली. परातीवानी बोट माझ्या टपात तांब्यासारखी बुडत होती.

खाली आणून पट्टी लावली. लांबी बरोबर होती. रुंदी बरोबर होती. उंची मात्र सगळीकडे जास्त भरत होती. एक फासळी चुकली असती तर मी स्वतःला दोन शिव्या देऊन ती बदलली असती. इथे एकूण एक फासळ्या चुकल्या होत्या, आणि इतके महिने मी त्या हातात घेऊन बघत होतो. माझ्या डोळ्यांना त्या चांगल्या बसक्या दिसत होत्या. हे मला सगळ्यात लागलं. चूक कुणाचीही होते, पण समोर असून दिसू नये? दादालाही समोर उभा असलेला मी दिसत नव्हता.

बायकोला म्हटलं, लाकूड फुगलं असेल. ती "असंल" म्हणाली. त्यानंतरचे दिवस मी रोज आराखडा आणि पट्टी घेऊन बसत होतो आणि चूक कुठे शिरली ते शोधत होतो. झोप लागत नव्हती. जेवताना घास हातात राहायचा. मुलीचा फोन आला की वार काय, तारीख काय, हे आधी कॅलेंडरमध्ये बघून मगच बोलायचो. मला फार भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची म्हणजे खरी करायची असं वाटत होतं.

मग एका सकाळी गच्चीवर गेलो तर दोरीवर आमची एक चादर वाळत होती. नक्षी माझीच, मधोमध मोठं कमळ. चांगलं गोल, थाळीसारखं. ते बघत उभा होतो आणि एकदम लख्ख आठवलं की हे कमळ मी कागदावर गोल काढलंच नव्हतं. आमच्या चादरीत आडवे धागे दाट बसतात. कागदावर फूल गोल काढलं तर मागावर ते दबून चपटं होतं. म्हणून कागदावर ते उभट काढायचं, म्हणजे दबून गोल येतं. नवीन माणसाला हे शिकवावं लागतं. जुन्या माणसाचा हात ते आपोआप करतो, आणि डोळाही उभट फुलाला गोलच समजून बघतो. समोर ग्राफ आला आणि माझ्या हाताने बोटीच्या फासळ्यांना कमळासारखं वागवलं. प्लायवूडला दाबायला धागे कुठे होते? ते होतं तसं उभं राहिलं.

त्या चादरीला हात जोडायचेच मी बाकी ठेवले होते. डोकं शाबूत होतं. उलट इतकं मुरलेलं होतं की कारखाना सुटला तरी हात कारखाना सोडत नव्हता. जिन्यात बायको सुपात शेंगदाणे पाखडत होती. तिच्याशेजारच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, कमळ, ग्राफ, आडवे धागे, उभट फासळ्या. इतके दिवस मनात काय चाललं होतं तेही सांगून टाकलं, दादाचं, स्कूटरचं, परीक्षेचं. ती ऐकत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे कळलं का तुला," मी म्हणालो. एक विनोद सुचला होता आणि तो सांगायची घाई झाली होती. "ही बोट जर..."

"मागावर चढवली असती तर बरोबर आली असती," ती म्हणाली.

मी खूश झालो. म्हटलं, नक्षीवाल्याबरोबर संसार केलास तो फुकट गेला नाही. मग माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"तुमी हे सांगितलंय मला," ती म्हणाली. "गेल्या सोमवारी, जेवताना. कमळाचं बी, दादांचं बी. हाच इनोद केलात. मी लई हसले तवा."

मी म्हणालो शक्य नाही. तेच पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. मग म्हणालो, तू माझी परीक्षा बघतेस का?

"मंगळवारी तुमी परत पट्टी घिऊन बसलात," ती म्हणाली. "मला वाटलं चेष्टा करताय. बुधवारी बी तेच. मला म्हणलात, लाकूड फुगलं असंल. तवा मला कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? आज न्हाय तर उद्या तुमचं तुमालाच आठवंल, म्हणून थांबले की."

तिच्या मांडीवर टरफलं पडली होती, ती एकेक उचलून ती सुपात टाकत होती. मला तो सोमवार आठवत नव्हता. जेवण, तिचं हसणं, काहीच नाही. मी इतका सुटल्यासारखा हसलो असेन तिच्यासमोर, आणि ते माझ्याकडे उरलं नव्हतं. मी तिचा हात धरून रडलो. ती म्हणाली, दवाखान्याचं तिने मुलीशी बोलून ठेवलंय.

त्यानंतर डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, गोळ्या सुरू झाल्या. पोरसवदा डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, ते दादाच्या वेळी ऐकलेलं होतं. सुरुवात आहे म्हणाला, हातकाम चालू ठेवा म्हणाला. फासळ्या मी नव्याने कापतोय. ग्राफ घेतला नाही, आराखड्यावरूनच कागद छापून घेतले. कापायच्या आधी माप मोठ्याने सांगतो आणि बायको पट्टी लावून बघते. मापाच्या बाबतीत ती दयामाया दाखवत नाही, चुकलं तर चुकलं म्हणते.

बाकी बोलण्याचं वेगळं झालं आहे. काही सुचलं, कुठली आठवण निघाली, की मी ते तिला सांगतो आणि सांगता सांगता तिच्या तोंडाकडे बघतो, हे ती पहिल्यांदा ऐकतेय की नाही ते ओळखायला. सुरुवातीला कळायचं. आता ती इतकी तयार झाली आहे की कळत नाही.