मालोजीची डिस्क बाहेर जाते

पिंपरीच्या एका कारखान्यात क्लचच्या डिस्क तयार होत, आणि मालोजी शेळके त्या खोक्यात भरून खोकी उचलायचा. कऱ्हाडकडून पासष्ट साली आला, कासारवाडीत खोली घेतली, आणि तेव्हापासून उचलतोच आहे. कंटाळा वगैरे त्याला येत नसे. नोकरी कायम होती, गावाकडे वाट्याला आलेली जमीन म्हणजे बसायला पुरेल एवढी. ही नोकरी गेली तर आपलं दुसरं काही नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

कारखान्याला मोठं लोखंडी फाटक होतं. ते उघडायचं फक्त ट्रकसाठी आणि साहेबांच्या गाडीसाठी. माणसांसाठी त्याच फाटकात एक बुटका दरवाजा कापलेला होता, त्यातून कंबरेत वाकून आत जावं लागे. तिथे जमादार सोपानराव उभा असे. मूळचा चिखलीचा, छाती पुढे, पट्ट्याला कंपनीच्या नावाचा पितळी बिल्ला. वाकलेल्या माणसाच्या खिशातलं आपोआप दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्या दरवाज्याचा अभिमान तो असा बाळगायचा की जणू घरून आणून बसवलाय.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मालोजीने एक खोकं उचललं आणि उचलता उचलता वळला. कंबरेत काहीतरी सटकलं आणि कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कळ गेली. वाकला होता तो वाकलेलाच राहिला. चौघांनी त्याला तसाच काटकोनात उचलून चिंचवडला डॉक्टर सुहासिनीबाईंकडे नेला.

बाईंनी त्याला कसाबसा उताणा झोपवला. पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला तेव्हा तो ओरडला. मग त्यांनी पायाचा अंगठा दाबून धरला आणि वर ढकलायला सांगितला. तो त्याने ढकलला. लघवीला नीट होते का, असं विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत होते, बाई," मालोजी लाजून म्हणाला.

"मणक्यामणक्याच्या मधे एक गादी असते, तिला डिस्क म्हणतात," बाईंनी समजावलं. "तिच्या आत मऊ गर असतो. तुमच्या गादीचं कवच फाटून तो गर बाहेर आलाय आणि पायाच्या नसेवर टेकलाय. म्हणून बिघाड कंबरेत आणि ठणका पायात."

मालोजीला यातलं डिस्क तेवढं नीट समजलं. कंपनीत सरकलेली डिस्क खोलल्याशिवाय बसत नसे. "मग खोलाय लागंल?" त्याने घाबरत विचारलं.

"अजिबात नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप शांत होतं. दोन-तीन दिवस पडून राहा, गुडघ्याखाली उशी, कंबरेला शेक, या गोळ्या. मग रोज थोडं थोडं चालायचं, नंतर मी व्यायाम शिकवीन. कंबरेत वाकायचं मात्र नाही. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर धावत या, मग ऑपरेशनचं बोलू."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला तो रुक्मिणीबाईने, तोही नवऱ्याच्या काळजीपोटी. कंपनीला कळवायला हवं म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर गेली आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिने आपल्या परीने सांगितलं.

"जमादारभाऊ, ह्यांची डिस्क भाईर गेलीया. त्ये घरीच हाईत."

सोपानरावचे कान टवकारले. इतकी वर्षं तो हेच ऐकायला उभा होता.

"कधी गेली?"

"काल दुपारी. खोकं उचलताना."

"आन् आता कुठं हाय ती?"

"पाठीत," रुक्मिणीबाई म्हणाली.

पाठीला डिस्क बांधून माणूस चौघांच्या खांद्यावर आपल्या नाकासमोरून गेला, या विचाराने सोपानरावला जेवण गेलं नाही. म्हणून तर तो वाकला होता! संध्याकाळी तो कासारवाडीत हजर झाला. मालोजीची पाठ चाचपली, उशी उसवली, शेकायची पिशवी उलटी करून गरम पाणी स्वतःच्या पायावर ओतून घेतलं.

"अरं, ही आतली डिस्क हाय," मालोजी म्हणाला.

"व्हय, आतलीच. कंपनीच्या आतली. दाखव, न्हाईतर साहेबाला सांगतो. चोरीला माफी न्हाई."

मालोजीला घाम फुटला. चोरीचा ठपका म्हणजे नोकरी गेलीच. त्याला रडू आलं, आणि रडताना कंबरेत आणखी कळ आली. सकाळी कण्हत कुथत तो बाईंकडे गेला. मागोमाग सोपानरावही आला.

"बाई, खोला मला," मालोजीने हात जोडले. "एकदा जमादाराला दावा आन् परत शिवून टाका."

"पोलिसी कामासाठी मी पोटपाठ फाडत नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांना त्याची दया आली. जमादाराचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी एक्स-रे काढवला. तिथेच त्या चुकल्या.

सोपानरावने फिल्म उजेडात धरली. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. हाडं एकावर एक उभी होती, आणि प्रत्येक दोन हाडांच्या मधे नुसतीच मोकळी जागा.

"एक न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "समद्याच गेल्यात."

"अहो, एक्स-रेत हाडं दिसतात. गादी दिसत नाही. ती असतेच तिथे."

"म्हंजे जी दिसत न्हाई ती हाय, आन् जी हाय ती भाईर गेलीया. बाई, मी काय आज नोकरीला लागलोय?"

बाईंचं डोकं फिरलं. "चला," त्या म्हणाल्या, "तुमचाही काढू."

सोपानराव ताठ मानेने आत गेला. ड्युटीवर पट्टा सोडणार नाही म्हणाला, म्हणून पट्ट्यासकट झोपला. फिल्म ओली असतानाच त्याने ती खिडकीशी नेली आणि वरून खालपर्यंत एकेक हाड मोजलं. त्याच्याही हाडांच्या मधे काहीच नव्हतं. इतकी वर्षं फाटक राखलं आणि घरच्या डिस्क कधी गेल्या ते कळलं नाही. शिवाय ऐन पोटात कंपनीचा पितळी बिल्ला, नावासकट, लख्ख दिसत होता.

"हे कुणाला दावायचं न्हाई," तो म्हणाला. फिल्मची सुरळी करून त्याने ती सदऱ्यात घातली आणि हळूहळू, कंबर सांभाळत बाहेर पडला. "मालोजीची डिस्क मिळाली," एवढंच त्याने कंपनीत सांगितलं.

मालोजी दीड महिन्याने कामावर आला. पायातली कळ आधी टाचेकडून गुडघ्यापर्यंत ओसरली, मग कंबरेपर्यंत, मग विरली. पालथं झोपून छाती वर उचलायचा व्यायाम तो रोज करत होता. बाईंच्या सांगण्यावरून त्याला टेबलाशी उभ्याने करायचं काम मिळालं होतं. फक्त आत जायचं राहिलं होतं.

बुटक्या दरवाज्यापाशी तो थबकला. कंबरेत वाकायचं नव्हतं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून तो गुडघ्यांत बसला आणि बसल्या बसल्या एकेक पाऊल पुढे सरकवू लागला. तोवर भोंगा झाला. मागे अख्खी शिफ्ट तुंबली. त्यांच्या मागे साहेबांची गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली.

सोपानराव नेहमीसारखा खेकसेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने खाली बसलेल्या मालोजीकडे पाहिलं. मग कडी काढली आणि मोठं फाटक सताड उघडलं. ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली तसा त्याने हात आडवा केला.

"थांबा. आधी मानूस जाऊ द्या."

मालोजी भिंतीला धरून उठला आणि ताठ उभा राहून फाटकातून आत गेला. त्याच्या बरोबरीने सोपानरावही चार पावलं चालला. फिल्म पाहिल्यापासून तोही एकदाही वाकला नव्हता.

"आपल्याला खोलत न्हाईत ना रं?" त्याने कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

मालोजीने त्याच्याकडे पाहिलं. हसावंसं वाटलं, पण तो हसला नाही.

"न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "निस्तं हळूहळू चालत ऱ्हायचं."