पोकळ अंगठा

टेकडीवरची ती भलीमोठी मूर्ती दिसेनाशी झाली की शहर संपलं, असं इथे सगळेच मानतात. तिला हात जोडणारे हजारो, पण तिच्या कानामागचे तडे माहीत असलेला गवंडी एकच, आमचे हे. अठ्ठावीस वर्षं दोराला लोंबकळून तिच्या अंगावर हातोडीने ठोकत आलेत. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून पोकळ, कधी निखळेल नेम नाही. खाली दोर धरायला मी. दुसऱ्या कुणावर यांचा भरवसा नाही, आणि कौतुकाचा एक शब्द म्हणाल तर तोही नाही!

गेल्या वर्षापासून यांना कमी ऐकू येतंय. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतो, हे शेजारी बसून ढिम्म. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर आले. "कान गेलेत कळलं तर काम जाईल. कुठे बोललीस तर बघ!" आणि मी मूग गिळून बसले. चुकलंच माझं.

काल तपासणी होती. पायऱ्यांवर ही गर्दी. इंजिनियर साहेब कागद घेऊन माझ्याशेजारी उभे. हे आशीर्वादाच्या हातापाशी पोचले. करंगळी खणखणीत. अंगठ्यावर हातोडी पडली. बद्द. पुन्हा बद्द. यांनी मात्र 'ठीक' म्हणून हात हलवला, आणि साहेबांनी तसंच लिहून घेतलं. त्यांना त्या आवाजातलं काय कळणार, कपाळ!

दोराला तीन हिसके म्हणजे खाली या. मी दिले. यांनी उलट एकच दिला, रागाने. एक म्हणजे नाही. बरोबर अंगठ्याखाली एक बाई लेकराला पाणी पाजत होती.

"अंगठा पोकळ आहे!" मी जीव खाऊन ओरडले. "साहेब, माणसं हटवा! यांना ऐकू येत नाही हो!"

अगदी खालच्या पायरीवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. हे मात्र आमच्याकडे पाठ करून पुढचं बोट ठोकत होते.

पायऱ्या रिकाम्या झाल्या, मग यांना खाली घेतलं. साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच काहीतरी बोलले. यांनी हसून मान डोलावली आणि माझ्याकडे वळले.

"काय म्हणतायत गं?"

मला रडूच फुटलं. तरी यांच्या कानाशी तोंड नेलं.

"उद्यापासून दोरावर चढायचं नाही म्हणतायत. मी सांगितलं त्यांना. मीच."