गोकुळामामीचा सव्वा महिन्याचा व्हिसा

मूलच्या बाजारात माहं ऑनलाइनचं दुकान आहे. आधार, पॅन, सातबारा, रेल्वेचं तिकीट, सारं होते. परदेशाचा व्हिसाही होते. पण गोकुळामामीचा व्हिसा करणं म्हणजे काय सांगू बाप्पा, आपलंच डोक्सं आपण खलबत्त्यात घालणं.

मामी आमच्या गावची. तळ्यावरची मासोळी टोपल्यात घेऊन बाजारात बसते. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला, की अर्धा बाजार डोक्यावर घेते. तिची एकुलती एक पोरगी दिव्यानी शारजात राहते. जावई मिथुन तिथं एसी दुरुस्त करते. दिव्यानी पहिल्यांदा पोटुशी होती आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, रक्तदाब वाढला, विमानात बसायचं नाई. झालं! मामी टोपलं घेऊन सरळ माह्या दुकानात.

"तिले येता येत नाई तं मी जातो. काढ कागद."

जसं काही चंद्रपूरची बस पकडायची होती!

पासपोर्टच्या चौकशीले हवालदार घरी आला. त्यानं नवऱ्याचं नाव इचारलं. मामीनं पदर तोंडात धरला आणि चूप. इतकी तोंडाळ बाई, पण नवऱ्याचं नाव काही घेईना. शेवटी म्हणाली, "तळ्यावर हायेत, त्यायलेच इचारा." हवालदार चिखल तुडवत तळ्यावर गेला आणि डोमामामाले त्याचंच नाव इचारून आला. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

मंग फोटो. पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला पाहिजे म्हणून मी चारदा सांगितलं. तिनं मार्कंड्याच्या जत्रेतला आणून दिला. मागं बर्फाचे डोंगर!

आणि व्हिसा किती दिवसांचा? "सव्वा महिन्याचा."

"मामी, तसा मिळत नाई. तीस दिवसांचा मिळते, नाई तं साठचा."

"तीस दिवसांत बाळंतीण उठते काय रे? सव्वा महिना तिले गार पाण्यात हात घालू द्यायचा नाई. त्यायच्या सरकारले तसं सांग ना!"

"सरकारले काय समजते बाळंतपणातलं!"

"म्हणून तं सांग म्हणतो."

साठचा काढला. परतीचं तिकीटही आधीच दाखवा लागते म्हटलं, तं गाल फुगवून बसली. पोरीच्या घरी पाय ठेवायच्या आधीच वापस यायची तारीख कोण सांगते, म्हणे. मी टेबलावर डोकं टेकलं.

एक गोष्ट मात्र मी तिले नीट समजावून सांगितली. "मामी, खसखस अजिबात न्यायची नाई. तिथं तिले अफूत मोजतात. चिमूटभर सापडली तरी जेल."

"नाई नेत रे बाप्पा. पुडी घरीच ठेवली."

जायच्या दिवशी मीच तिले गाडीनं नागपूरच्या विमानतळावर नेलं. तिच्या बॅगची चेन तुटली होती, तं जाळ्याच्या दोरीनं बॅग करकचून बांधून आणली होती. आता हे तिथं खोलणार कसं आणि परत बांधणार कोण? मी दारातच तिच्यावर ओरडून राह्यलो होतो. तिनं शांतपणे पिशवीतून डबा काढला.

"सकाळपासून उपाशी हायेस, म्हणून चिडून राह्यला. घे, एक लाडू खाऊन पाय."

"मले नाई पाहिजे."

"खाऊन तं पाय!" आणि माहं तोंड उघडं पाहून तिनं लाडू आत कोंबलाच.

डिंक, खारीक, गोडंबी, तूप. झकास लाडू! दुसऱ्या घासाले दाताखाली बारीक काही तरी कुरकुरलं.

"मामी, याच्यात खसखस हाय?"

"हाय ना. खसखशीबिना बाळंतिणीचा लाडू होते काय?"

"मी तुले काय सांगितलं होतं?"

"पुडी नेऊ नको म्हणला, पुडी घरीच हाय. हे तं लाडू हायेत!"

मी असा ओरडलो, की लोकं सामान ठेवून पाहाले लागले. मामीनं डबा छातीशी धरला. "दिव्यानीच्या वेळेस माह्या मायच्या घरी काहीच नोयतं रे. कण्या पिऊन सव्वा महिना काढला मी. दूध उतरे ना, पोरगी रडे. तवाच म्हटलं होतं, हिच्या वक्ताले मी लाडू करीन. आता खाली हातानं जाऊ?"

मी आवाज खाली आणला. "मामी, डबा तिथं गेला तं तू जेलात आणि दिव्यानी दवाखान्यात एकटी. तूच सांग, तिले काय पाहिजे."

तिनं डब्याचं झाकण दाबून घट्ट लावलं. मंग डबा माह्या हातात दिला. "फेकू नको," इतकंच म्हणाली.

मी बॅगची दोरी कापली, एकेक लुगडं झटकलं. ज्याच्या पदराले तिनं लाडवाचे हात पुसले होते, ते नेसतं लुगडंसुद्धा बदलाले लावलं. मंग मामी आत गेली. डोक्यावर टोपलं नाई, हातात डबा नाई, अशी मामी मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिथुनचा फोन आला. तो कामावर असताना दिव्यानी मोरीत चक्कर येऊन पडली होती. घरात फक्त मामी. तिले तिथली भाषा येत नाई, ॲम्ब्युलन्सचा नंबर माहीत नाई. तिनं जिन्यात उभं राहून बाजारातल्यासारखी अशी बोंब ठोकली, की सारी बिल्डिंग गोळा झाली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. पोरगी झाली. दोघीही सुखरूप.

"मामी नसत्या तं, गोपालभाऊ..." मिथुन म्हणाला.

माह्या टेबलावर तो डबा तसाच होता. एकच लाडू कमी.

मंग मामीनं फोन हिसकला. "काऊन रे! मी म्हणत नोयतो, एक लाडू खाऊन पाय म्हणून? तू तं घेतच नोयता! खाल्ला नसता तं आज मी जेलात असतो! आता वाटून टाक ते साऱ्यायले, नात झाली म्हणून सांग. त्या हवालदारालेही दे."

मले इतका राग आला तिचा, इतका राग आला, की डोळ्यांतून पाणीच गळाले लागलं.