मुक्कामाच्या गाडीला धक्का

मुरबाडची एसटी रात्री आमच्या गावात मुक्कामाला असते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघते. मी घरी बसून होतो त्या दोन वर्षांत ती एकदाही धक्क्याशिवाय स्टार्ट झाली असेल तर शपथ! ड्रायव्हर ती शाळेपुढच्या उताराच्या तोंडाशी लावून ठेवायचा आणि पहाटे चार माणसं जमवायचा.

त्या चारात मी ठरलेला, कारण मला झोपच नसायची. आयटीआय करून गोडाउनात लागलो, तिथं सुपरवायझरशी वाजलं, तावातावाने घरी आलो, तो आलोच. कूस बदल, उठून पाणी पी, मोबाइल बघ, ठेव, पुन्हा बघ. छातीत सारखं काहीतरी धावत असायचं आणि पाय मात्र ओट्यावर. म्हशाच्या जत्रेत मामाने हातावर जिलेबी ठेवता ठेवता विचारलं, "मग, सध्या काय?" जिलेबी तिथंच टाकून द्यावीशी वाटली. सध्या काय, सध्या काय! ज्याला त्याला तेच.

तर स्टार्टरची खरखर ऐकू आली की मी बाहेर. बाकीचे तिघं पासवाले, रोज कामाला जाणारे. गाडी गुरगुरली की ते पळत जाऊन चढायचे, कारण ड्रायव्हर थांबला की ती पुन्हा बंद. मी मागं, तोंडावर धूर घेत. "तुझ्याबिगर गाडी हालत नाय बग!" कंडक्टर एकदा दारातून ओरडला. त्याला कौतुक करायचं होतं. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

मग मुरबाडच्या एका वर्कशॉपवाल्याचा फोन आला. इलेक्ट्रिकचे पॅनल बनवतात. "सोमवारी सकाळी या, दिवसभर काम बघतो, मग ठरवू. नाही आलात तर दुसरा माणूस तयार आहे." हे हुकलं तर आपण कायमचे ओट्यावरचे, एवढं मला पक्कं कळलं होतं. भीती वाटत होती, उगाच कशाला खोटं बोलू?

सोमवारी आईने खिडकीतून माझी बॅग सीटवर टाकली, वर रुमाल टाकून जागा धरली. बॅगेत डबा आणि सर्टिफिकेटं. स्टार्टर खरखरला. मी मागं गेलो, खांदा लावला. गाडी उतारावर सुटली, धडधडली, तिघं पळाले, चढले. आणि मी उभा! रोजच्यासारखा कमरेवर हात ठेवून, जाणाऱ्या गाडीकडे बघत.

"आरं मेल्या, आज तुला जायाचाय ना!" आई किंचाळली.

पळालो. रस्त्याच्या मोरीपाशी एक चप्पल सुटली. कंडक्टर दारात वाकून हात पुढे करत होता आणि वर हसत होता. त्या हसण्याचा असा राग आला की त्या रागातच मी त्याचा हात पकडला आणि चढलो. किन्हवली येईपर्यंत बॅग मांडीवर धरून बसलो. मी राहिलो असतो. खरंच राहिलो असतो, आणि बॅग एकटीच मुरबाडला गेली असती!

वर्कशॉपच्या मालकाने माझ्या पायांकडे बघितलं. कोपऱ्यातली एक जुनी चप्पल पुढं सरकवली आणि कामाला लावलं. संध्याकाळी म्हणाला, "उद्यापासून या. स्वतःच्या चपला घालून."

मंगळवारी पहाटे पुन्हा तीच खरखर. मी सवयीने सीटवरून उठलो.

"बस खाली!" बाहेरून आवाज आला. मागच्या काचेतून बघतो तर पदर कमरेला खोचून, पासवाल्यांच्या मधोमध, दोन्ही हात गाडीला लावून आई उभी.

"आये, सरक! मी लावतो ना हात. मग पळत चढतो," मी खिडकीतून ओरडलो.

"तुझा काय भरोसा? परत उभा राहशील."

मी बसलो. समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. गाडी हलली, गुरगुरली. तिघं पळत आले, चढले. आई मागं राहिली, तोंडावर धूर घेत, कमरेवर हात ठेवून.